मिरीचं मूळ आणि पुतणीचं स्थळ

माझं काम नेमकं काय, हे माझ्या दादाला अजून नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं की तो म्हणतो, "दिल्लीला सल्ला देते." ऐकणाऱ्याला वाटतं, मी मंत्र्यांच्या शेजारी बसते. प्रत्यक्षात मी हैदराबादेतल्या एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर बसते आणि परदेशातून येणारा माल खरोखर कुठून येतो याचा विचार करते.

सोपं करून सांगते. आपल्या देशाचे काही देशांशी व्यापार करार आहेत. त्या देशांत पिकलेला किंवा बनलेला माल आला की आयात शुल्क कमी लागतं, कधी लागतच नाही. साहजिकच आपला माल त्याच देशातला आहे असं सगळ्यांना दाखवायचं असतं. मग दुसरीकडे पिकलेला माल करारवाल्या देशात उतरवायचा, चाळायचा, पोती बदलायची, तिथला दाखला घ्यायचा आणि इकडे पाठवायचा. कागद चोख असतात. कागद फारच चोख असले की मी खुर्ची पुढे ओढते. असा माल ओळखायचा कसा आणि नियम कसे लिहायचे म्हणजे फट राहणार नाही, हे शोधण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली.

या कामाचा माणसावर परिणाम होतो. कुणी आंब्याची पेटी आणली की मी आधी पेटीखालचं वर्तमानपत्र कुठल्या गावचं आहे ते बघते. वहिनी म्हणते, "हिला साडी द्यायची म्हणजे विणकराला सोबत आणावं लागतं." मी हसते, पण साडीचा काठ उलटून बघायचा तो बघतेच.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे मिरीचा अभ्यास आला. म्हणजे मीच तो मागून घेतला होता. एका करारवाल्या देशातून आपल्याकडे इतकी काळी मिरी येऊ लागली होती, की तेवढी तिथल्या जमिनीत पिकणं मला शक्य वाटत नव्हतं. नुसतं चाळल्याने आणि निवडल्याने मिरीचं मूळ बदलत नाही, हे नियमात ठळकपणे यावं म्हणून मी तीन-चार वर्षं मागे लागले होते. अखेर होकार आला. मी टेबल रिकामं केलं, कामांची यादी केली, पेन्सिली टोकदार केल्या.

त्याच आठवड्यात पुतणीला स्थळ आलं.

दादाचं घर अंबरपेठेत आहे. आमचे आजोबा नांदेडकडची शेती भावाच्या हाती देऊन इकडे नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. दादा वीज खात्यातून निवृत्त झाला, वहिनी शाळेत शिकवते. त्यांची एकुलती एक मुलगी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, अठ्ठावीस वर्षांची आहे आणि वडिलांसारखीच हट्टी आहे. दादाच्या एका मित्राच्या मुलीने स्वतः जमवलेलं लग्न वर्षभरात मोडलं होतं. त्यानंतर दादाने घरात जाहीर करून टाकलं होतं की मध्ये कुणी जाणतं माणूस असल्याशिवाय आपल्याकडे सोयरीक होणार नाही. मध्ये माणूस असला की उद्या कुणाला तरी विचारता येतं, असं त्याचं म्हणणं. आणि ते माणूस मध्ये आल्यावरही शेवटचा शब्द माझा. "तू तपास," तो म्हणायचा, "तुझा तो धंदाच आहे."

या वेळी मध्ये होत्या मराठी मंडळातल्या काकू. त्यांनी गेल्या तीन वर्षांत आणलेली सगळी स्थळं अमेरिकेत राहणारी किंवा अमेरिकेला निघालेली. आणि आता एकाएकी हिमायतनगरातला, हैदराबाद सोडायचं नाही म्हणणारा, शांत, यंत्रांच्या देखभालीचं काम करणारा मुलगा. मुलाचे आजोबा वकील होते. वडील लहानपणीच गेले, आईने आणि मामाने वाढवलं.

"मामा काय करतात?" मी फोनवर काकूंना विचारलं.

"गौलीगुड्यात दुकान आहे. किराणा घाऊक."

"घाऊक म्हणजे काय काय?"

"अगं, किराणा म्हणजे किराणा. तुला काय सामान भरायचंय का त्यांच्याकडून?"

मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'किराणा?' प्रश्नचिन्ह जरा मोठंच काढलं गेलं.

बघण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी अंबरपेठेत झाला. वहिनीने शेजारच्या रेड्डी काकूंकडून शिकलेली सर्वपिंडी केली होती, तांदळाच्या पिठाची, शेंगदाणे आणि तीळ घातलेली. मुलगा, त्याची आई आणि मामा वेळेवर आले. मामा साठीचे, पांढरा सदरा, हातात मोठा खोका. बसायची वेळ आली तेव्हा दादाने आपल्या शेजारची खुर्ची पुढे केली. मामा ती ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसले. मी त्याची नोंद मनात केली.

"ताई, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," ते म्हणाले.

"कुणाकडून?"

"असंच. इकडून तिकडून."

"तुमचा माल कुठला असतो?"

"सगळाच असतो हो. जिरं, धने, हळद, लवंग. बडी शेप चांगली जाते आपल्याकडे."

"आणि?"

"आणि काय, खोबरं." मग त्यांनी सर्वपिंडीचा तुकडा मोडला आणि वहिनीकडे वळले. "वा, वहिनी. हौ, ही खरी तेलंगणाची चव. तेलुगू लोकांनाही मागे टाकेल."

किराणा घाऊक करणारा माणूस मसाल्याची नावं घेतो आणि मिरीचं नाव घेत नाही. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. त्यामुळे बाकीच्या खोलीत काय चाललं होतं ते मला फारसं आठवत नाही. पुतणी चहा घेऊन आली, ट्रेमध्ये एक कप इतरांपेक्षा वेगळा होता, तो तिने मुलाला दिला. दादाने मुलाला वीज खात्याच्या मीटरबद्दल काहीतरी विचारलं आणि मुलाने बरोबर उत्तर दिलं म्हणून दादा खूश झाला. मुलाच्या आईने पत्रिकेचा विषय काढला नाही, उंची विचारली नाही. "आम्हाला मुलगी पसंत आहे," एवढंच त्या म्हणाल्या, फार लवकर. एवढ्या लवकर कुणी काही पसंत केलं की मला धास्तीच वाटते.

ते गेल्यावर वहिनीने खोका उघडला. आत मसाल्याच्या पुड्या होत्या, प्रत्येक पुडी सुबक, वर नाव लिहिलेलं. लवंग, दालचिनी, वेलदोडे, जायपत्री, शहाजिरं, दगडफूल, नाकेशर, चक्रीफूल. गरम मसाल्याला लागतं ते सगळं.

"मिरी विसरले वाटतं," वहिनी म्हणाली.

"विसरले नाहीत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून परस्पर गौलीगुड्यात गेले. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत दुकान सापडलं. मामा नव्हते, गल्ल्यावर दुसराच कुणी होता. मी अर्धा किलो धने मागितले आणि आत नजर टाकली. उजव्या भिंतीला मिरीची पोती छतापर्यंत लावलेली होती. पोत्यांवर ज्या देशाचं नाव छापलं होतं तो माझ्या अभ्यासातला देश. पोती कोरी, शिवण नवी. लांबचा प्रवास करून आलेलं पोतं इतकं नवं दिसत नाही.

मी धने घेतले आणि रिक्षात बसले. मला राग आला होता, पण मनातून बरंही वाटत होतं. संशय खरा ठरला की मला बरं वाटतं, हे खोटं कशाला सांगू. आता सगळं जुळत होतं. मिरीवाल्याला कळलं की नियम कोण लिहितंय. त्याने बहिणीचा मुलगा पुढे केला. पुतणी त्यांच्या घरात गेली की आत्याचं पेन जड होणार. खोक्यात मिरी नसणं हा तर उघड पुरावा होता. ज्याला लपवायचं असतं तो तेवढंच काढून घेतो.

संध्याकाळी दादाला जाऊन सांगितलं, "हे घर नको."

"कायकू? मुलगा तर चांगलाय."

"मुलगा चांगला असेल. स्थळ सरळ आलेलं नाही."

"काकूंनी आणलंय की."

"काकूंच्या हातून आलंय. कुठून आलंय ते वेगळं." मग मी त्याला पोत्यांचं सांगितलं. मिरी दुसरीकडची असते आणि नाव तिसऱ्याचं कसं लागतं, ते समजावलं. दादाला मिरीचं अर्धं समजलं, पण त्याची बहीण कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या जाळ्यात ओढली जातेय एवढं पुरेसं होतं. त्याचा चेहरा पडला. "शनिवारी फोन करून नाही म्हणतो," तो म्हणाला. वहिनी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

पुतणी बुधवारी माझ्या ऑफिसात आली. ती पूर्वी कधी आली नव्हती. जेवणाची सुट्टी होती. मी तिला खालच्या कॅन्टीनमध्ये नेलं.

"आत्या, बाबांना तू काय सांगितलंस?"

"जे दिसलं ते."

"काय दिसलं?"

मी सांगितलं. खुर्ची ओलांडणं, जिरं-धन्याची यादी, खोका, पोती. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "मिरी मी काढायला लावली."

मी डबा बंद केला. "तू?"

"मामांनी सगळं भरलं होतं. मी त्याला सांगितलं, तुझ्या मामांना म्हणावं, मिरी नक्को. आत्याचं मिरीवर काम चाललंय, तिला लाच वाटेल. आणि दुकानाचं बोलताना पण मिरीचा विषय काढू नका. मामा त्याला म्हणाले, अरे, मग मी विकतो काय हे लपवू का? मी कळवलं, लपवू नका, लाइट घ्या फक्त, स्वतःहून बोलू नका."

"त्याला म्हणजे कुणाला सांगितलंस?"

तिने टेबलाकडे बघितलं. "त्याला."

"स्थळ बघायला यायच्या आधी?"

"हो."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला आठवलं, मुलगा यंत्रांची देखभाल करतो.

"कुठली यंत्रं?" मी विचारलं.

"आमच्या लॅबची. उगवणक्षमता तपासायची मशिनं. दोन वर्षं येतोय तो." थोडं थांबून ती म्हणाली, "आत्या, आम्हीच ठरवलं. पण बाबांना चाललं नसतं. मग त्याच्या आईने मंडळात काकूंच्या कानावर घातलं, की अमुक घरात मुलगी आहे म्हणे, बघा ना. काकूंना वाटलं त्यांनीच शोधली."

"काकूंना माहीत नाही?"

"नाही. मामांना पण खोका भरेपर्यंत माहीत नव्हतं. तोवर त्यांना एवढंच सांगितलं होतं की तुला मान दे, तुझ्याजवळ बस. घरात तुझाच शब्द चालतो."

माझ्यासमोर माझ्याच धंद्यातला प्रकार बसला होता. माल एका ठिकाणचा. तिथून थेट आला असता तर दादाच्या दारात अडला असता. म्हणून तो काकूंच्या घरी उतरवला, चाळला, नवं पोतं घातलं आणि सवलत मिळणाऱ्या वाटेने पाठवला. आणि मी, जिने आयुष्यभर हेच पकडलं, ती मामांच्या खोक्याकडे बघत बसले.

"मिरीचा अभ्यास कधी आला तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"या हिवाळ्यात."

"आणि तो लॅबमध्ये दोन वर्षं येतोय. मग?"

तर्क बिनतोड होता. तरी मी विचारलं, "त्याच्याबरोबरचा जुना फोटो आहे?"

तिने फोन काढला. वीसेक जण प्रयोगशाळेच्या आवारात, मागे होळीचे रंग, ही शेवटच्या रांगेत, तो पहिल्या रांगेत. मी फोटो मोठा करून कोपऱ्यातलं साल बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "झालं समाधान? शनिवारी बाबा फोन करणार आहेत."

त्या संध्याकाळी मी वहिनीला तिच्या शाळेबाहेर गाठलं. तिला विचारलं, तुला काही माहीत होतं का.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," वहिनी म्हणाली. "पण तिने त्याला बिनसाखरेचा चहा दिला. न विचारता. वेगळा कप घेऊन आली होती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू त्या मामांच्या तोंडाकडे बघत होतीस. मला वाटलं, तू काहीतरी मोठं पकडतेयस." मग पर्स खांद्यावर सारत म्हणाली, "यांना नको सांगू. ते वाईट नाहीत, पण त्यांना दोन महिने लागतील, आणि तोवर ती पोट्टी सुकून जाईल."

शुक्रवारी मी दादाकडे गेले. जाताना मुद्दे लिहून नेले होते, नेहमीप्रमाणे. त्यातला एकही वाचता आला नाही.

"दादा, मी चुकीच्या जागी संशय घेतला. ते स्थळ माझ्या कामासाठी आलेलं नाही."

"कसं कळलं?"

"तपासलं."

"आणि मिरी?"

"मिरी त्यांची आहे, आणि ती कुठली ते बघण्यासारखं आहे. पण ते दुसरं कोणी बघेल. मी अभ्यास सोडते."

दादाने चष्मा काढला. "तुझं काम तू सोडणार? इतक्या वर्षांचं?"

"पुतणी त्या घरात गेली तर मी तो नियम लिहू शकत नाही. मी काहीही लिहिलं तरी कुणीतरी बोट दाखवेल. मीच दाखवेन."

त्याने चष्मा पुन्हा लावला. मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याची मला सकाळपासून भीती होती. "काकूंनी शोधून आणलं ना हे, सरळ?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हणाले, "काकूंनीच आणलं तुझ्याकडे." हे वाक्य खरं आहे. माझ्याकडे आलेल्या कित्येक दाखल्यांवर असंच खरं वाक्य असतं, आणि ते वाचून मी ते फाईलमधून बाजूला काढते. त्या दिवशी मी ते जाऊ दिलं. दादाने शनिवारी फोन केला तो होकाराचा.

संचालकांना अभ्यास सोडतेय म्हटल्यावर ते चकित झाले. "पण हितसंबंधांच्या नियमात पती, मुलं, आईवडील, भावंडं आहेत. पुतणी नाही. पुतणीच्या सासरचे मामा तर नाहीतच."

"नियमात नाही," मी म्हणाले, "पण माझ्या डोक्यात आहे."

"तुम्हाला वाटतं, तुम्ही नरम पडाल?"

"नाही. कडक पडेन. ते पण चालत नाही."

मिरीच्या फाईली मी ज्याच्या हाती दिल्या तो सहकारी हुशार आहे, पण तो समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतो. मी फाईली क्रमाने लावून दिल्या, कुठे कुठे बघायचं ते लिहून दिलं. मग टेबल पुन्हा रिकामं झालं. या वेळी पेन्सिली टोकदार कराव्याशा वाटल्या नाहीत.

लग्न उन्हाळ्यात झालं. मंडळातल्या काकूंना मध्यस्थ म्हणून मानाची साडी द्यायची होती, ती निवडायचं काम माझ्याकडे आलं. काकू ती नेसून मांडवभर फिरल्या. प्रत्येकाला सांगत होत्या, की दोघांना बघताक्षणीच मला वाटलं, हे जमणार. दादा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. पुतणीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

जेवताना मामा येऊन माझ्या शेजारी बसले. अहवाल येऊन गेला होता. सहकाऱ्याने चांगला लिहिला होता, फक्त एका ठिकाणी, चाळून निवडलेल्या मालाबाबत, त्याने 'विचार व्हावा' असं लिहिलं होतं. मी तिथे 'चालणार नाही' लिहिलं असतं.

"ताई, तुम्ही ते काम सोडलंत म्हणे," मामा म्हणाले.

"सोडलं."

"बरं केलंत." त्यांनी भातावर वरण घेतलं. "तुम्ही असतात तर आम्हाला भारी पडलं असतं."

ते हसत होते. सरळ माणूस हसतो तसंच हसत होते. मी त्यांच्या हसण्यात काही सापडतंय का ते बघत राहिले. फोटोतलं साल मला माहीत होतं, बिनसाखरेचा चहाही आता माहीत होता, आणि तरीही ते वाक्य मी जेवण संपेपर्यंत उलटसुलट करून पाहिलं. सापडलं काही नाही. नाही सापडलं म्हणून नाहीच, असं मी माझ्या कामात कधी म्हटलेलं नाही.

दिवाळीला त्यांच्याकडून खोका आला. या वेळी पुड्यांत मिरीची पुडी होती, सगळ्यांत मोठी. मी फोन केला.

"मिरी कुठली?"

"वायनाडची, ताई. तुमच्यासाठी खास मागवली."

फोन ठेवून मी एक दाणा दाताखाली फोडला. तिखट होता, वासाला चांगला. पण एका दाण्याच्या चवीवरून मिरी कुठली हे मला सांगता येत नाही, माझं काम नेहमी कागदांवर चालत आलंय, आणि या पुडीबरोबर कागद नव्हता. पुतणी आणि जावई रात्री जेवायला यायचे होते. मी पुडी बाटलीत ओतली, झाकणावर चिठ्ठी लावली, त्यावर 'मिरी' लिहिलं, पुढे गावाचं नाव लिहायला घेतलं आणि तेवढी जागा कोरीच ठेवली. मग चार दाणे कुटून रस्स्यात टाकले.